कूतचा दोष कुणाच्या माथी?

१/२४
२९ एप्रिल १९१६. टायग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कूत-अल-अमारा या गावात ब्रिटिश-भारतीय फौजेने आपल्या तोफा आपल्याच हातांनी फोडल्या आणि १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली. त्यांतील बहुसंख्य भारतीय होती. शिपाई होते, तसेच खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले आणि स्वयंपाकीही होते. या फौजेचे नाव होते सहावी (पुणे) डिव्हिजन.

२/२४
या पराभवाची चौकशी झाली. अहवाल छापला गेला. दोषींची नावे, त्यांच्या हुद्द्यांसह, जगजाहीर झाली. एवढे होऊनही एका साध्या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे: या पराभवाची किंमत मोजली कुणी? दोष जाहीर करणे ही एक गोष्ट आणि जबाबदारी वसूल करणे ही दुसरी. सैन्याच्या अपयशानंतर राज्यकर्ते पहिलीचा गाजावाजा करून दुसरी कशी टाळतात, याचे कूतइतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. हा धागा त्याविषयी आहे.

३/२४
या कथेशी महाराष्ट्राचा संबंध केवळ डिव्हिजनच्या नावापुरता नाही. कूतमध्ये अडकलेल्या पायदळात १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील शेतकरी घरांची मुले त्यांत होती. त्यांच्यासोबत पंजाबी, रजपूत, गुरखा पलटणी होत्या आणि डॉर्सेट, नॉरफोक, ऑक्सफर्डशायरचे गोरे शिपाईही होते. बगदाद कशासाठी हवे, हे यांपैकी कुणालाही कुणी विचारले नव्हते.

४/२४
मोहीम सुरू झाली १९१४ च्या नोव्हेंबरात. उद्देश मर्यादित होता: इराणच्या आखाताच्या टोकाशी असलेले तेलाचे हितसंबंध राखणे आणि बसरा ताब्यात घेणे. महिना संपण्यापूर्वी बसरा पडले. मोहिमेची सूत्रे लंडनच्या युद्धखात्याकडे नव्हती. ती हिंदुस्थान सरकारकडे, म्हणजे सिमल्याकडे होती. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग, सरसेनापती सर ब्यूशँप डफ. मेसोपोटेमियातील वाळू, चिखल आणि ताप यांचा कारभार हिमालयाच्या थंड हवेतून चालणार होता.

५/२४
सिमल्याची लष्करी यंत्रणा आधीच एका खांबावर उभी होती. १९०५ च्या कर्झन-किचनेर वादात व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील स्वतंत्र लष्करी सदस्य निष्प्रभ झाला आणि पुढे ते पदही उरले नाही. सरसेनापती हाच लष्कराचा प्रमुख, तोच प्रशासक आणि सरकारचा लष्करी सल्लागारही तोच. एका माणसाला न पेलणारे ओझे एकाच माणसावर टाकले गेले, आणि त्याला उलट प्रश्न विचारील असे कुणी उरले नाही. डफने संपूर्ण काळात मेसोपोटेमियाच्या भूमीवर पाऊल ठेवले नाही.

६/२४
१९१५ च्या एप्रिलमध्ये सर जॉन निक्सन मोहिमेचा प्रमुख झाला आणि पुणे डिव्हिजनची सूत्रे मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंडकडे आली. १८९५ च्या चित्रळच्या वेढ्यात नाव कमावलेला हा महत्त्वाकांक्षी अधिकारी. जूनमध्ये अमारा जवळजवळ न लढताच पडले, सप्टेंबरअखेर कूत जिंकले. प्रत्येक विजयाबरोबर फौज नदीवाटे बसऱ्यापासून दूर जात होती आणि रसदीची दोरी ताणली जात होती. बसरा राखण्यासाठी निघालेल्या मोहिमेच्या डोळ्यांपुढे आता बगदाद होते.

७/२४
त्या प्रदेशात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. होती ती फक्त नदी, तीही उन्हाळ्यात उथळ. अन्न, दारूगोळा, जखमी, सारे काही बोटींवर अवलंबून. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी अपुऱ्या आहेत हे निक्सनच्या कार्यालयाला ठाऊक होते. त्यांची मागणीही झाली होती. बोटी वेळेवर आल्या नाहीत. खर्चाचा हात मात्र सिमल्याने आखडताच ठेवला. बोटींशिवाय पुढे सरकू नये, हा निष्कर्ष काढायला लष्करी प्रतिभेची गरज नव्हती. बैलगाड्या मोजून धान्य भरणाऱ्या कोणत्याही अडत्याने तो काढला असता.

८/२४
टाउनशेंडने तो काढलाही होता. कूत जिंकल्यावर त्याने निक्सनला कळवले की आहे त्या बळावर बगदादकडे जाऊ नये, कूतलाच पाय रोवावेत. पुढे जायचेच असेल तर एका डिव्हिजनचे हे काम नव्हे. निक्सनने ते मानले नाही. टाउनशेंडने आज्ञा पाळली. इशारा देणारा आणि तो धुडकावणारा, दोघांचेही कागद दप्तरात राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे 'आधी कुणाला काय ठाऊक होते' हा वाद निघतो तेव्हा याच कागदांवर निकाल लागतो.

९/२४
निर्णय लंडनला पोहोचला. गॅलिपोलीत अपयश डोळ्यांसमोर दिसत होते. मंत्रिमंडळाला पूर्वेत एखादा दिलासा देणारा विजय हवा होता. २३ ऑक्टोबर १९१५ रोजी परवानगी गेली, तिचा आशय असा: हाताशी असलेले बळ पुरेसे आहे अशी निक्सनची खात्री असेल, तर त्याने बगदादवर चाल करावी. त्या तारेतला 'तर' नीट वाचावा. विजय मिळाला असता तर परवानगी मंत्रिमंडळाची होती. पराभव झाला असता तर खात्री निक्सनची होती. युद्ध जिंकण्यासाठी नव्हे, चौकशीत सुटण्यासाठी लिहिलेले हे वाक्य होते.

१०/२४
२२ नोव्हेंबर १९१५. बगदादच्या अलीकडे सलमान पाक (टेसिफॉन) येथे लढाई झाली. पुणे डिव्हिजनने तुर्कांची पहिली फळी घेतली, पण ती टिकवण्याइतके बळ उरले नाही. सुमारे ४,६०० माणसे मेली वा जखमी झाली. फौजेचा जवळपास तिसरा हिस्सा. जखमींना स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी पट्ट्यांच्या मालवाहू गाड्यांतून नदीपर्यंत खडखडत नेण्यात आले. मोडलेली हाडे, उघड्या जखमा, रात्रीची कडाक्याची थंडी. तिथून पुढे बोटींवर ते अक्षरशः एकमेकांवर रचले गेले.

११/२४
'मेजिदिये' ही जखमींची बोट बसऱ्याला आली तेव्हा धक्क्यावर मेजर कार्टर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर उभा होता. दुरून त्याला बोटीच्या कडेने दोर लोंबत असल्यासारखे वाटले. जवळ आल्यावर कळले की ती हालताही न येणाऱ्या जखमींची विष्ठा होती, कडेवरून ओघळून वाळलेली. कार्टरने तक्रार केली. वरिष्ठांनी त्यालाच लुडबुड्या ठरवून अटकेची धमकी दिली. आणि निक्सनच्या कार्यालयातून तार गेली: जखमींची व्यवस्था समाधानकारक.

१२/२४
मागे हटत आलेली फौज ३ डिसेंबरला कूतमध्ये शिरली. चारच दिवसांत वेढा पूर्ण झाला. टाउनशेंडने आरंभी कळवले की अन्न साधारण दोन महिने पुरेल. त्या हिशेबाने सुटकेच्या फौजा अर्ध्या तयारीनिशी धावल्या. जानेवारीच्या उत्तरार्धात गावातील धान्याचा नीट शोध घेतल्यावर दिसले की साठा आणखी ८४ दिवस पुरू शकतो. हा शोध डिसेंबरातच घेतला असता, शिधा सुरुवातीपासून तोलला असता, तर बाहेरच्या फौजांना श्वास घ्यायला उसंत मिळाली असती.

१३/२४
ती उसंत न मिळाल्याची किंमत: शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात. चिखलातून, आडोसा नसलेल्या सपाट जमिनीवरून, तोफांच्या अपुऱ्या पाठबळावर एकामागून एक हल्ले. वेढ्यातील १३,००० माणसांना सोडवताना सुमारे २३,००० माणसे पडली किंवा जखमी झाली. ज्यांना सोडवायचे त्यांच्या जवळजवळ दुप्पट. यांतही फार मोठा हिस्सा भारतीय पलटणींचा होता.

१४/२४
याच वेढ्यात दोष खाली ढकलण्याचा पहिला प्रयोग झाला. अन्न संपत आले तेव्हा घोड्याचे मांस शिध्यात आले. अनेक भारतीय शिपायांनी ते नाकारले. घरी परतल्यावर जात आणि गाव काय म्हणेल ही त्यांची धास्ती खरी होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवण्यात आल्या, तोवर स्कर्व्हीने माणसे खंगली होती. पुढे टाउनशेंडने आपल्या लिखाणात भारतीय शिपायाच्या या नकाराला आणि त्याच्या खचलेल्या मनाला पराभवाच्या कारणांत जागा दिली. धान्य मोजायला विसरलेला सेनापती उपाशी शिपायाच्या ताटाकडे बोट दाखवत होता.

१५/२४
शेवटचे उपाय अपमानास्पद होते. २४ एप्रिलच्या रात्री रसद घेऊन निघालेली 'जुल्नार' बोट तुर्कांच्या हाती पडली. मग वेढ्यातील फौज सोडण्याच्या बदल्यात तुर्की सेनापती खलील पाशाला पैसे देऊ केले गेले. आकडा दहा लाख पौंडांवरून वीस लाखांवर गेला. तो नाकारला गेला. वाटाघाटीला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता, ज्याला जग पुढे 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून ओळखू लागले. बोटींसाठी आणि रुग्णालयांसाठी वेळेवर न सुटलेल्या तिजोरीला लाच देण्यासाठी वीस लाख पौंड सापडले होते.

१६/२४
शरणागतीनंतर वाटा फुटल्या. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेले. शिपायांना उन्हातून पायी हाकण्यात आले: बगदाद, मोसूल, रास-अल-ऐन, मग रेल्वेच्या बोगद्यांवर मजुरी. कैदेत गेलेल्या सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक परतले नाहीत. मेलेल्या भारतीयांची संख्याही हजारोंच्या घरात होती. जनरल मेलिसला वाटेत मरणासन्न शिपाई सापडले. त्याने जमेल त्यांना सोबत घेतले आणि तुर्कांकडे निषेध नोंदवला. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर, समुद्राकाठच्या घरात सन्मान्य पाहुण्यासारखा राहिला. त्याचा लाडका कुत्रा स्पॉट तुर्कांच्या परवानगीने सुखरूप बसऱ्याला रवाना झाला होता.

१७/२४
आता चौकशीकडे. १९१६ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून मेसोपोटेमिया आयोग नेमला. अध्यक्ष लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन, जो स्वतः पूर्वी भारतमंत्री होता. आयोगात एकही भारतीय नव्हता. कूतची फौज कैदेत असल्याने टाउनशेंडची साक्ष झाली नाही आणि त्याच्या शिपायांचे म्हणणेही त्याच्यासोबत कैदेतच राहिले. एवढ्या मर्यादांतूनही आयोगाने जे लिहिले ते परखड होते, हे मान्य करावे लागेल. कार्टरने पाहिलेली बोट त्या अहवालात आहे. 'समाधानकारक' म्हणणारी तारही त्यात आहे.

१८/२४
जून १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. महायुद्ध चालू होते. तीनच महिन्यांपूर्वी ब्रिटिश फौजांनी बगदाद घेतले होते. अहवालाने बगदादवरील चढाईच्या चुकीचा सर्वांत मोठा वाटा निक्सनच्या आंधळ्या आशावादावर ठेवला. त्यानंतर व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती डफ, इंडिया ऑफिसचा लष्करी सचिव बॅरो, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन आणि शेवटी मंत्रिमंडळाची युद्धसमिती. दोष अधिकाराच्या शिडीने वर जातो तसा पातळ होत जातो, हे या यादीच्या क्रमावरूनच दिसते. चढाईला परवानगी देणारे सर्वांत शेवटी आले.

१९/२४
आणि पुढे काय झाले? निक्सन प्रकृतीच्या कारणाने आधीच मोहिमेतून बाहेर पडला होता. डफचे पद गेले होते. १९१८ च्या आरंभी तो वारला. हार्डिंग परराष्ट्र खात्याच्या सर्वोच्च सनदी पदावर बसला होता; त्याने राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही, आणि १९२० मध्ये तो पॅरिसला राजदूत झाला. टाउनशेंडला कैदेत असतानाच 'सर' ही पदवी मिळाली. १९२० मध्ये तो संसदेत निवडून गेला. खटला कुणावरही चालला नाही. खुर्ची सोडली ती एका चेंबरलेनने, ज्याच्यावरचा ठपका तुलनेने सौम्य होता. यादीतील सर्वांत कमी दोषी माणसाने सर्वांत सभ्य वर्तन करावे आणि बाकीच्यांनी त्याच्या राजीनाम्याच्या सावलीत उभे राहावे, याला जबाबदारीची व्यवस्था म्हणत नाहीत.

२०/२४
अशा वेळी दोन बचाव हमखास पुढे येतात. पहिला: मागाहून सगळेच शहाणे होतात; युद्धात अनिश्चितता असतेच. खरे आहे. शत्रूची संख्या चुकणे, पाऊस पडणे, एखादा डाव फसणे यासाठी सेनापतीला फासावर चढवू नये. पण बोटी अपुऱ्या आहेत हे चढाईपूर्वी ठाऊक होते. एक डिव्हिजन पुरणार नाही हे चढाईपूर्वी लिहिले गेले होते. जखमींसाठी व्यवस्था नाही हे तोफ डागण्यापूर्वी दिसत होते. ज्याला ठाऊक होते त्याने ते पुढे केले नाही, किंवा ज्याला सांगितले त्याने ऐकले नाही, तिथे 'मागाहूनचे शहाणपण' हा शब्द वापरणे म्हणजे इशारा देणाऱ्याची थट्टा आहे.

२१/२४
दुसरा बचाव: जबाबदारी सामूहिक होती. सहा जणांत वाटलेला दोष कुणाच्याच खांद्याला जाणवत नाही, हाच त्या वाटणीचा उपयोग. याचे उलटे टोकही ब्रिटनने पाहिले होते. मिनॉर्का हातचे गेले म्हणून ॲडमिरल बिंगला १४ मार्च १७५७ रोजी त्याच्याच आरमाराच्या जहाजावर गोळ्या घातल्या. अपुरे आरमार उशिरा धाडणारे मंत्री जिवंत राहिले. एकाला बळी देणे आणि सर्वांना थोडेथोडे दोषी ठरवणे, दोन्हींचा परिणाम एकच: निर्णय जिथे झाला ती खोली बंदच राहते. आयोगाचा सदस्य जोसाया वेजवुड याला हे पटले नाही. गॅलिपोलीत जखमी झालेल्या या खासदाराने स्वतंत्र अहवाल लिहून हिंदुस्थान सरकारवर अधिक कठोर ठपका ठेवला.

२२/२४
मूळ रोग कुठे होता, हे संसदेतील चर्चेत एडविन माँटेग्यूने बोलून दाखवले: हिंदुस्थानचे सरकार इतके ताठर आणि कालबाह्य आहे की आजच्या कामाला ते उपयोगाचे नाही. काही दिवसांतच चेंबरलेनच्या जागी तोच भारतमंत्री झाला, आणि २० ऑगस्ट १९१७ च्या त्याच्या घोषणेत हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने 'जबाबदार राज्यपद्धती' देण्याचे वचन आले. त्या घोषणेमागे युद्धाची गरज, होमरूलची चळवळ अशी अनेक कारणे होती. पण 'जबाबदार' हा शब्द कूतच्या पार्श्वभूमीवर वाचला की त्याचा रोख कळतो. सातारा-रत्नागिरीची माणसे मरणाच्या दारी पाठवणारे सिमल्याचे सरकार सातारा-रत्नागिरीला उत्तर देण्यास बांधलेले नव्हते. लोकमान्य टिळक सैन्यभरतीची सांगड हक्कांशी घालत होते ती याचसाठी.

२३/२४
मग उत्तर देण्यास बांधलेले सरकार आल्यावर काय झाले? १९६२. नामका चू नदीच्या खोऱ्यात सातव्या ब्रिगेडला अशा जागी उभे केले गेले, जिच्याविषयी वरिष्ठांपर्यंत हरकती पोहोचल्या होत्या. हरकत घेणाऱ्या जनरल उमरावसिंग यांच्याकडून त्या आघाडीची सूत्रे काढून जनरल कौल यांच्याकडे दिली गेली. २० ऑक्टोबरला ब्रिगेड चिरडली गेली. ब्रिगेडियर दळवी कैद झाले. कृष्ण मेनन, जनरल थापर, जनरल कौल यांची पदे गेली. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी चौकशी केली, पण प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्व अशा लष्करी मुद्द्यांपुरती. राजकीय निर्णय तिच्या कक्षेत नव्हते. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये तिचे सार लोकसभेत सांगितले. मूळ अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने उघड केला. परक्या साम्राज्याने भर युद्धात वर्षभराच्या आत छापला तसा अहवाल स्वतंत्र लोकशाहीला साठ वर्षांत छापता आलेला नाही. गोपनीयतेचा बचाव कूतच्या उदाहरणापुढे उभा राहत नाही: मेसोपोटेमियाचा अहवाल बाहेर आला, तरी ब्रिटन युद्ध हरले नाही.

२४/२४
अपयशी मोहिमेनंतर बळीचा बकरा नको, आणि सहा नावांची गुळगुळीत यादीही नको. तीन प्रश्नांची लेखी, जाहीर उत्तरे हवीत. इशारा कुणी दिला होता? तो कुणाच्या टेबलावर थांबला? आणि त्या माणसाचे पुढे काय झाले? कूतच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तिसऱ्याचे उत्तर मानमरातबांच्या यादीत सापडते.
ज्यांनी किंमत मोजली ते बसऱ्याच्या युद्धस्मारकावर आहेत. कबर न लाभलेल्या ४०,००० हून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, अधिकाऱ्यांची कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आला. स्मारके सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. मेसोपोटेमियाच्या पराभवाला जबाबदार असलेल्यांची नावे १९१७ पासून छापील आहेत. त्यात मेलेल्या मराठा शिपायांची नावे त्या दगडावर आजही नाहीत.